‘जाहीर निषेध’ झाला, आता उपयोगाची पोस्ट कशी बनवायची

ठाण्यात चरईत आमचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दहाव्या-तेराव्याची कार्डं हे रोजचं काम. कुठे अत्याचाराची बातमी आली की दुपारपर्यंत ‘जाहीर निषेध’ची ऑर्डर येते. मजकूर ठरलेला: नराधमाला फाशी झालीच पाहिजे, खाली मंडळाचं नाव, त्याखाली पदाधिकाऱ्यांचे हसरे फोटो. पूर्वी हे सगळं चौकात लागायचं, आता निम्मं काम मोबाइलवर फिरवायच्या इमेजचं असतं. मी बनवून देते आणि पैसे घेते. पण कळवा, किसननगर, लोकमान्यनगरच्या बचत गटातल्या बायका येऊन ‘ताई, काहीतरी उपयोगाचं टाकायचंय’ म्हणतात, तेव्हा मी बाकीचं काम बाजूला ठेवते. त्यांना जे सांगते तेच इथे लिहिते आहे.

आधी हे ठरवा, की पोस्ट कोणासाठी आहे. सोसायटीच्या ग्रुपमध्ये चिडलेली माणसं भरपूर असतात, त्यांना आणखी चिडवायची गरज नसते. त्याच ग्रुपमध्ये एखादी अशी असते, जिच्याबाबतीत हे घडलंय आणि तिने अजून कोणापाशी तोंड उघडलेलं नाही. ती पोस्टला अंगठाही देत नाही, फक्त वाचते. तिला रात्री एकटीला वाचून सकाळी काय करायचं ते कळलं पाहिजे. चित्र कुठलं, शब्द कुठले, नंबर कुठे, हे सगळं मग आपोआप सुटत जातं.

एका पोस्टचं एकच काम

बदलापूर आपल्याच जिल्ह्यातलं. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याचं मोबाइलवरून घरोघरी पोचलं आणि २० तारखेला लोक रुळांवर उतरले. तासन् तास गाड्या ठप्प होत्या. तक्रार नोंदवायला लावलेल्या वेळाबद्दल उच्च न्यायालयाने पुढे पोलिसांचे कान उपटले. फॉरवर्डमध्ये एवढी ताकद असते. पण त्या दिवशी माझ्या फोनवर आलेल्या मेसेजमध्ये फाशी होती, ‘उद्या तुमची मुलगी’ होतं, आणि पोलिसांनी तक्रार घ्यायला टाळाटाळ केली तर आईबापांनी काय करायचं, ही ओळ एकातही नव्हती.

ती ओळ अशी: गुन्हा कुठेही घडलेला असो, कुठल्याही पोलीस ठाण्यात एफआयआर देता येतो, त्याला झीरो एफआयआर म्हणतात. ऐरोलीत घडलं आणि बाई कळव्याला माहेरी आली, तर ‘हे नवी मुंबईत येतं’ म्हणून कळव्यात तिला परत पाठवता येत नाही. प्रत मोफत मिळते. बलात्कारासारख्या गुन्ह्याची तक्रार नोंदवून न घेणाऱ्या अधिकाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ खाली सहा महिने ते दोन वर्षं सक्तमजुरी होऊ शकते. एवढंच लिहा, झाली एक पोस्ट. त्यातच हॉस्पिटल, वकील आणि ‘मुलींनो, कराटे शिका’ कोंबू नका.

हॉस्पिटलची पोस्ट वेगळी. किसननगरच्या बायकांनी मागच्या वर्षी फिरवली, तिचा मजकूर जसाच्या तसा देते, हवा तर उचला:

‘तुमच्यावर अत्याचार झाला असेल तर आधी हॉस्पिटलमध्ये जा. सरकारी असो की खासगी, उपचार मोफत आणि लगेच मिळाले पाहिजेत, तसा कायदा आहे. पोलिसांत तक्रार केलेली नसली तरी उपचार नाकारता येत नाहीत. ७२ तासांच्या आत गेलात तर गर्भ राहू नये म्हणून आणि एचआयव्ही टाळण्यासाठी औषधं घेता येतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. अंघोळ केली असली तरी जा. उशीर झाला असला तरी जा. त्या वेळचे कपडे न धुता कागदी पिशवीत घालून न्या. सोबत कोणी नसेल तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. जिवाला धोका असेल तर ११२.’

बायकांनी यात एक भर घालायला लावली आणि ती बरोबर होती. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, ते त्यांना बंधनकारकच आहे. पण पोलिसांकडे जबाब द्यायचा की नाही हे सज्ञान बाईने ठरवायचं असतं. हे लपवून तिला हॉस्पिटलच्या दारापर्यंत नेलंत, तर ती पुन्हा तुमचं काही वाचणार नाही.

चित्र, अक्षर आणि घरातला एकुलता एक फोन

‘ताई, फोटोशिवाय लोक थांबत नाहीत हो.’ हे वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटलेत. गूगलवर शोधलं की तीच चित्रं येतात: गुडघ्यात डोकं खुपसलेली मुलगी, तोंडावर काळा पंजा, फाटलेली बाही, लाल शिंतोडे. जिच्यावर वेळ आलीय तिला ते बघून धडकी भरते आणि ती पुढे सरकवून मोकळी होते. बाकीच्यांची चार मिनिटांची करमणूक होते, माझ्या मते तरी. पांढऱ्यावर काळी, ठसठशीत अक्षरं पुरतात. मुक्ता किंवा बालू हे मराठी युनिकोड फॉन्ट फुकट मिळतात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर चिकटवला तर तिकडे नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात, तेवढं जपा. ‘अब्रू लुटली’, ‘आयुष्य उद्ध्वस्त झालं’ असलं काही नको. वाचणारीला अजून आयुष्य काढायचंय.

नंबर इमेजमध्ये असला तरी खाली मजकुरातही टाइप करा, म्हणजे कॉपी करता येतो. रील बनवत असाल तर आवाज बंद ठेवूनही सगळं कळेल अशी अक्षरं टाका. पुष्कळ घरांत फोन एकच असतो, आणि सासूच्या शेजारी बसलेल्या बाईच्या हातात तो अचानक ‘तुमच्यावर अत्याचार झालाय का?’ असं ओरडायला नको. स्टेटसवर टाकताना हेही ध्यानात ठेवा, की कोणी पाहिलं ते टाकणाऱ्याला दिसतं. काहीजणी त्या भीतीने उघडतच नाहीत. वाचता न येणाऱ्यांसाठी व्हॉइस नोट उत्तम, एका मिनिटाच्या आतली. घणसोली, दिवाळे इकडच्या गावांत आगरी-कोळी बोलीत कोणी बोललं तर बायका कान देऊन ऐकतात.

नाव न घेता नाव सांगणं

इथे सगळ्यात जास्त घोळ होतो. नाव टाकायचं नाही हे आता बहुतेकांना माहीत असतं. पण माझ्याकडे येणारा कागद असा असतो: अमुक सेक्टर, तमुक शाळा, इयत्ता तिसरी, वडील रिक्षा चालवतात, आणि वर चेहरा धूसर केलेला फोटो, मागे बिल्डिंगचं गेट स्वच्छ दिसतंय. सगळ्या सेक्टरला मुलगी कळली. न्याय संहितेचं कलम ७२ ओळख पटेल अशा कुठल्याही मजकुराला लागू होतं, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून वाचवणाऱ्या कायद्याचं कलम २३ आहे, त्यात घराचा पत्ता, शाळा, शेजार, नातेवाईक सगळं येतं. आरोपी सख्खा काका असेल तर त्याचं नाव छापणं म्हणजे पुतणीचंच नाव छापणं, हे मला मंडळाच्या कार्यकर्त्यांना दर वेळी नव्याने समजवावं लागतं.

‘पण ती गेली ना आता, मग मोर्चाला तिचा फोटो का नको?’ असंही विचारतात. निपुण सक्सेना खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय, की ती हयात नसली तरी नाव उघड करायचं नाही. ज्या २० ऑगस्टला बदलापूरचे रूळ अडले होते, त्याच दिवशी कोलकात्यात अत्याचार करून मारलेल्या डॉक्टर मुलीचं नाव, फोटो, व्हिडिओ सगळ्या सोशल मीडियावरून काढा असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश निघाला. हा ओळख जपण्याचा कायदा आला १९८३ च्या दुरुस्तीत, आणि त्या दुरुस्तीमागे होतं आपल्या विदर्भातल्या मथुरा प्रकरणाचं, म्हणजे पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराविरुद्धचं आंदोलन. १९७९ मध्ये वसुधा धागमवार, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या प्राध्यापकांनी आरोपी पोलिसांना सोडणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर खुलं पत्र लिहिलं होतं. फोटो नाही, हॅशटॅग नाही. ‘गप्प बसली म्हणजे संमती दिली’ या समजाचा मुद्द्यागणिक समाचार. वेळ मिळाला तर शोधून वाचा.

व्हिडिओचं तर विचारूच नका. ‘बघा हा किती हरामखोर आहे’ म्हणून लहान मुलीचा व्हिडिओ पुढे पाठवणाराही गुन्हेगारच ठरतो. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा मजकूर पाहणं आणि साठवणंही पोक्सो आणि आयटी कायद्यात बसतं असं स्पष्ट केलं. ग्रुपवर आला तर पुढे ढकलू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर कळवा. महिला आणि मुलांसंबंधीची तक्रार तिथे नाव न देताही करता येते. अ‍ॅडमिन घाबरतात, की आपल्यालाच धरतील. सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी अ‍ॅडमिन आपोआप दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. म्हणून गंमत बघत बसायचं असं मात्र नाही. एखाद्या सज्ञान बाईचे खासगी फोटो कोणी फिरवत असेल, तर तिला स्टॉप एनसीआयआय या साइटबद्दल सांगा. फोटो तिच्या फोनबाहेर जात नाही, त्याचा फक्त डिजिटल ठसा तयार होतो आणि त्यावरून फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या कंपन्या तो फोटो अडवतात. ब्लॉक करण्याआधी तारीख, वेळ आणि प्रोफाइलची लिंक दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायला लावा. ब्लॉक केल्यावर हाती काही राहत नाही.

पोस्टनंतर इनबॉक्स

पोस्ट चांगली झाली तर कोणीतरी तुम्हाला लिहिणार. बहुतेक रात्री. ‘माझ्या मैत्रिणीबाबत विचारायचं होतं,’ अशी सुरुवात होते. मैत्रीण कोण, हे विचारू नका. आधी एवढंच: ‘या नंबरवर लिहिलं तर चालेल ना? फोन दुसरं कोणी बघतं का?’ मग ऐकून घ्या. ‘तिथे गेलीस कशाला’, ‘आधी का नाही सांगितलंस’ हे प्रश्न पोटातच राहू द्या. पुरावा म्हणून फोटो मागवू नका.

समोरचं माणूस अठराच्या आतलं असेल तर ‘मी कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलाला तसं सांगून, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनची मदत घेऊन कळवा. सज्ञान बाईच्या बाबतीत निर्णय तिचा. तुम्ही परस्पर तिच्या भावाला फोन करून शहाणपण दाखवू नका.

तिला स्वतःच्या नावाने लिहायचं असेल तर लिहू दे, सज्ञान बाईला तो हक्क आहे. २०१७ च्या ऑक्टोबरात ‘मी टू’ जगभर पसरलं (टराना बर्क यांनी ते शब्द २००६ पासूनच वापरले होते), पुढच्या वर्षी आपल्याकडे आलं. पत्रकार प्रिया रमाणींनी छळाचा आरोप केला म्हणून त्यांच्यावर माजी केंद्रीय मंत्री एम. जे. अकबर यांनी अब्रुनुकसानीचा फौजदारी खटला भरला. १७ फेब्रुवारी २०२१ ला दिल्लीच्या न्यायालयाने रमाणींना निर्दोष सोडलं आणि बाईला आपली तक्रार हव्या त्या व्यासपीठावर, दशकांनंतरही मांडता येते असं म्हटलं. पण मधली दोन वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली. म्हणून मी लिहिणारीला सांगते: मजकूर आधी फोनमध्ये लिही, दोन रात्री जाऊ दे, जुने मेसेज आणि मेल जपून ठेव, वकिलाला दाखव. वकिलाला पैसे नसतील तर कोर्ट नाक्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं असेल तर १५१००. अत्याचार झालेल्या बायका-मुलांसाठीच्या ‘मनोधैर्य’ या सरकारी योजनेच्या अर्थसाहाय्याचं कामही हेच प्राधिकरण बघतं.

कमेंटमध्ये वेळ घालवू नका. कपड्यांवर घसरलेली कमेंट सरळ उडवा. आमच्याकडच्या ग्रुपवर तिसऱ्या मिनिटाला ‘हे बाहेरून आलेले लोक’ सुरू होतं, त्याला मात्र एकदा उत्तर द्या: राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून जास्त गुन्ह्यांत आरोपी ओळखीचाच असतो. अफवेची शंका असेल तर धुळ्याचं राईनपाडा आठवा. १ जुलै २०१८ ला मुलं पळवणारे समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं जमावाने मारून टाकली. त्यामागे फिरणारे मेसेजच होते.

एक काम मात्र आजच करा. जुन्या पोस्ट उघडून बघा, त्यांत अजून जुन्या दंड संहितेतली ३५४ आणि ३७६ ही कलमं असतील. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागू आहे: विनयभंग ७४, लैंगिक छळ ७५, चोरून पाहणं किंवा चित्रण करणं ७७, पाठलाग ७८, बलात्काराची शिक्षा ६४. जुनी इमेज नुसती डिलीट करून भागत नाही, ती लोकांच्या गॅलरीत पडून असते आणि पुढच्या बातमीला पुन्हा फिरते. नवी बनवलीत की त्याच ग्रुपवर टाका, आणि कोपऱ्यात महिना आणि वर्ष छापा.