कारच्या स्पीकरची प्लस-मायनस जोडणी कशी ओळखावी

कारमध्ये स्पीकर बसवल्यावर सगळीकडून आवाज येतो, काही तापत नाही, काही जळत नाही. तरीही ढोलकीचा ठेका पोकळ वाटतो आणि गायकाचा आवाज समोरून येण्याऐवजी विखुरल्यासारखा ऐकू येतो. अशा वेळी नव्या अ‍ॅम्प्लिफायरचा विचार करण्याआधी तारांची ध्रुवता, म्हणजे कोणती तार प्लसला आणि कोणती मायनसला लागली आहे ते, तपासावी. जोडीतील एकाच स्पीकरच्या तारा उलट लागल्या असतील, तर एकाचा पडदा पुढे येत असताना दुसऱ्याचा मागे जातो आणि खालच्या पट्टीतील आवाज, म्हणजेच बेस, एकमेकांना मारून टाकतो. सगळेच स्पीकर सारखे उलटे लागले, तर मात्र ऐकताना सहसा फरक कळत नाही.

दोष आहे की नाही, हे काहीही न उघडता कळू शकते. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) पूर्ण पुढे नेऊन मागचे स्पीकर बंद करावेत, ठळक बेस असलेले गाणे लावावे आणि बॅलन्स (डाव्या-उजव्या स्पीकरांत आवाज वाटणारी सेटिंग) मध्यावरून हळूहळू एका बाजूला न्यावा. जोडणी बरोबर असेल तर मध्यावर बेस भरीव लागतो. एक स्पीकर बंद पडत जाताना बेस कमी होण्याऐवजी वाढला, तर त्या जोडीतील एकाच्या तारा उलट आहेत असे समजावे. मागच्या जोडीचीही हीच परीक्षा घ्यावी.

स्पीकरच्या मागे दोन पत्र्याच्या पट्ट्या असतात. बहुतेक स्पीकरमध्ये रुंद पट्टी प्लसची आणि अरुंद पट्टी मायनसची असते, शिवाय शेजारी अधिकचे चिन्ह किंवा लाल ठिपका असतो. खरा गोंधळ होतो तो डॅशबोर्डमधून येणाऱ्या तारांचा. बाजारातून घेतलेल्या बहुतेक स्टीरिओंमध्ये पांढरी तार पुढच्या डाव्या, करडी पुढच्या उजव्या, हिरवी मागच्या डाव्या आणि जांभळी मागच्या उजव्या स्पीकरची असते, आणि त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार मायनसची असते. गाडीच्या मूळ तारांचे रंग मात्र प्रत्येक उत्पादक स्वतःच्या पद्धतीने ठरवतो, म्हणून तेथे रंगावर विसंबू नये.

या तारांतील प्लस ओळखण्यासाठी १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल पुरतो. आधी स्टीरिओचा प्लग काढून तारा त्यापासून पूर्ण सुट्या कराव्यात, कारण सेलचा प्रवाह स्टीरिओच्या आउटपुटमध्ये शिरता कामा नये. मग गाडीकडील प्लगमध्ये एका स्पीकरच्या दोन तारांना सेलची टोके क्षणभर टेकवावीत आणि दुसऱ्या कोणाला तरी दाराशी बसवून जाळी काढलेल्या स्पीकरकडे पाहायला सांगावे. टक असा आवाज होऊन पडदा बाहेरच्या बाजूला उसळला, तर सेलच्या प्लस टोकाला लागलेली तार प्लसची. तो आत ओढला गेला तर उलट. हालचाल जेमतेम असते, त्यामुळे तिरक्या उजेडात पाहणे किंवा पडद्याच्या कडेवर बोट अलगद टेकवणे सोयीचे जाते. प्रत्येक तारेवर लगेच चिकटपट्टी लावून खूण करावी. सेल धरून ठेवू नये. स्पीकरमधील पडदा हलवणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, उगाच तापते.

ट्वीटरसाठी, म्हणजे उंच पट्टीतील आवाजाच्या छोट्या स्पीकरसाठी, ही युक्ती चालत नाही, कारण बहुतेकदा त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो सेलचा स्थिर प्रवाह अडवतो. तेथे मल्टिमीटरच्या कंटिन्युइटी तपासणीने (तार सलग आहे का हे दाखवणाऱ्या) तार टोकापासून टोकापर्यंत शोधावी. काही क्रॉसओव्हरमध्ये (उंच आणि खालच्या पट्टीतील आवाज वेगळा करून स्पीकरांना वाटणाऱ्या सर्किटमध्ये) ट्वीटर मुद्दामच उलटा जोडलेला असतो, तेव्हा सोबतची माहितीपत्रिका न पाहता तो ‘दुरुस्त’ करू नये.

चालू स्टीरिओच्या तारांवर मल्टिमीटर लावून प्लस शोधण्याचा खटाटोपही व्यर्थ आहे. आजच्या बहुतेक कार स्टीरिओंमध्ये स्पीकरच्या दोन्ही तारा गाडीच्या बॅटरीच्या सुमारे अर्ध्या व्होल्टेजवर असतात, म्हणून गाडीच्या बॉडीच्या संदर्भात दोन्ही सारख्याच दिसतात. याच कारणाने स्पीकरची मायनस तार बॉडीला कधीही जोडू नये. त्याने स्टीरिओ खराब होऊ शकतो.

दोन कॉइलचा सबवूफर, म्हणजे फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर, असेल, तर त्यातील एक कॉइल उलटी लागल्यास पडदा जवळपास हलतच नाही, म्हणून दोन्हींची सेलने स्वतंत्र तपासणी करूनच त्या एकत्र जोडाव्यात.