एल-आर्जिनिन घेताना या चुका टाळा

एल-आर्जिनिन हे अमिनो आम्ल सध्या तीन वाटांनी घरात येते: गरोदरपणात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सॅशेमधून, जिममधल्या प्री-वर्कआउटच्या, म्हणजे व्यायामाआधी घ्यायच्या भुकटीच्या डब्यातून आणि ‘रक्ताभिसरण सुधारते’ असे कुणीतरी सांगितले म्हणून वडीलधाऱ्यांसाठी आणलेल्या गोळ्यांमधून. पदार्थ एकच असल्यामुळे एकाचे उरलेले दुसऱ्याने घेतले जाते आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो.

आर्जिनिनपासून रक्तवाहिन्यांच्या अस्तरात नायट्रिक ऑक्साइड तयार होतो आणि त्यामुळे वाहिन्या सैलावतात. या वायूच्या अशा कार्याच्या शोधाला १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र एवढ्यावरून ‘जास्त आर्जिनिन म्हणजे जास्त रक्तपुरवठा’ असा हिशेब मांडणे चुकीचे आहे. तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच भाग आतडे आणि यकृत यांतील आर्जिनेज हे विकर (एन्झाइम) रक्तात पोहोचण्यापूर्वीच फोडून टाकते; शिवाय निरोगी प्रौढाचे मूत्रपिंड सिट्रुलिन या दुसऱ्या अमिनो आम्लापासून आर्जिनिन स्वतःच बनवत असते. म्हणूनच धडधाकट तरुणाला ‘पंप’, म्हणजे व्यायामात स्नायू रक्ताने फुगल्याची भावना, जाणवत नाही, आणि मग तो एकाऐवजी दोन स्कूप घेऊ लागतो. एका वेळी ९ ग्रॅमच्या वर गेल्यास मळमळ, पोटात कळा आणि जुलाब होण्याची शक्यता वाढते. असे झाल्यास प्रमाण कमी करावे आणि दिवसात विभागून घ्यावे. छातीत धडधड होत असेल, तर त्याच डब्यावर कॅफीनचा आकडा आधी शोधावा. आळ आर्जिनिनवर येतो, पण करामत बहुधा कॅफीनची असते.

लेबल वाचतानाही फसगत होते. हायड्रोक्लोराइड स्वरूपात वजनाच्या सुमारे ८३ टक्केच आर्जिनिन असते, म्हणजे ३ ग्रॅममध्ये अडीच ग्रॅम. अल्फा-कीटोग्लुटारेटशी जोडलेल्या प्रकारात हे प्रमाण आणखी घटते. तुलनेसाठी सांगायचे, तर मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत जवळपास १ ग्रॅम आर्जिनिन मिळते, आणि त्यासाठी डबा लागत नाही.

सर्वांत गंभीर चूक हृदयाच्या बाबतीत होते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला ‘वाहिन्या मोकळ्या राहतील’ म्हणून हे देण्याचा मोह समजण्यासारखा आहे, आणि नेमकी हीच कल्पना अमेरिकेत १५३ रुग्णांवर तपासली गेली. दिवसातून तीनदा ३ ग्रॅम आर्जिनिन सहा महिने द्यायचे, असे ठरले होते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात वाहिन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, हृदयाची कार्यक्षमताही सुधारली नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले आणि दुसऱ्या गटात एकही झाला नाही. त्यामुळे नवे रुग्ण घेणे थांबवण्यात आले. संख्या लहान होती हे खरे, पण झटक्यानंतर हे स्वतःच्या मनाने सुरू करू नये, हे सांगायला ती पुरेशी आहे.

आर्जिनिन रक्तदाब थोडा उतरवते. रक्तदाबाच्या गोळ्या, छातीदुखीसाठी दिलेली नायट्रेट किंवा सिल्डेनाफिल (व्हायग्रातले औषध) यांच्या जोडीला ते घेतल्यास उठताना चक्कर येऊ शकते. असे झाल्यास लगेच बसावे, रक्तदाब मोजावा आणि पुढची मात्रा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मूत्रपिंड अधू असेल, किंवा रॅमिप्रिल अथवा स्पायरोनोलॅक्टोन ही रक्तदाब-हृदयाची औषधे चालू असतील, तर रक्तातील पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो, आणि तो लक्षणांवरून आधी ओळखू येत नाही.

बाळाची वाढ किंवा गर्भजल कमी दिसल्यास डॉक्टर सॅशे लिहून देतात. ते एका विशिष्ट गर्भारपणासाठी असते, जावेला लागू पडले म्हणून आपल्याला चालेल असे नाही. सॅशे चालू आहे म्हणून डॉप्लर सोनोग्राफीची (बाळाचा रक्तपुरवठा पाहणाऱ्या तपासणीची) तारीख पुढे ढकलणे ही तर त्याहून मोठी चूक. गरोदरपणात मधुमेह निघाला असेल, तर पाकिटामागे साखर लिहिली आहे का, हेही पाहावे. काही सॅशेंमध्ये ती असते.

ओठाच्या कडेला नागिणीसारखे बारीक फोड वारंवार उठणाऱ्यांसाठी एक छोटी सूचना: ते फोड आणणाऱ्या हर्पिसच्या विषाणूला वाढण्यासाठी आर्जिनिन लागते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. जिमसाठी डबा आणल्यापासून फोड वाढले असतील, तर काही आठवडे तो बंद ठेवून पाहावा.