गावाच्या आगीचं अंदाजपत्रक: पंप घेण्याआधी काय मोजायचं

अग्निशमन गाडी तालुक्याच्या नगरपरिषदेत आणि गाव ३५ किलोमीटरवर. रात्रीच्या रस्त्याला ताशी ४० चा वेग धरला तरी गाडीला ५२ मिनिटं लागतात, निघायला लागणारा वेळ वेगळाच. ग्रामीण भागात गाडी २० मिनिटांत पोचावी हा केंद्राच्या स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा निकष आहे, पण तालुक्याच्या टोकाच्या गावांत तो गाठता येत नाही. ग्रामपंचायतीने तरतूद करायची ती या पहिल्या तासाची. स्वतःची अग्निशमन गाडी घ्यायच्या फंदात एकट्या गावाने पडू नये. गाडी एकदाच घ्यावी लागते, पण चालक, विमा, बॅटरी आणि टायर दरवर्षी पैसे मागतात. त्याची तरतूद नसली की गाडी शेडमध्येच उभी राहते.

आधी गेल्या पाच वर्षांतल्या आगींची यादी करा. तलाठ्याकडचे पंचनामे आणि पोलीस पाटलांची आठवण, दोन्ही घ्या. कशाला लागली, कोणत्या महिन्यात, किती वाजता आणि जवळचं पाणी किती लांब होतं, एवढं पुरे. कडब्याच्या गंज्या, गोठे, लोंबकळणाऱ्या तारांखालचा ऊस, घरातलं शॉर्ट सर्किट आणि डोंगराकडून उतरणारा वणवा, यांतलं काय जास्त आहे त्यावर खरेदी ठरते. वणवाच जास्त असेल तर पंपापेक्षा ब्लोअर (पालापाचोळा उडवणारं यंत्र), झोडपण्या आणि जाळरेषा (आधीच गवत काढून मोकळे केलेले पट्टे) लागतात. त्याचं नियोजन वनरक्षक आणि संयुक्त वन व्यवस्थापन समितीला बरोबर घेऊनच करा. उसाच्या आगीत पुढच्या सऱ्या तोडून पट्टा मोकळा करावा लागतो, तेव्हा रोटाव्हेटर किंवा जेसीबीच्या भाड्याचे काही तास धरा.

आता पाण्याचा हिशेब, कारण बहुतेक योजना इथेच फसतात. मिनिटाला २७५ लिटरचा पोर्टेबल पंप गावासाठी सोयीचा. ५,००० लिटरचा ट्रॅक्टर टँकर तो पूर्ण वेगाने १८ मिनिटांत रिकामा करतो. टँकरला भरून परत यायला २५ मिनिटं लागत असतील, तर तेवढी २५ मिनिटं पाइप कोरडा राहणार आणि गंजी पुन्हा पेटणार. उपाय दोन: दुसरा टँकर, आणि तेच पाणी जास्त वेळ पुरवणारा लहान तोंडाचा नोझल. मिनिटाला किती लिटर पाणी जातं ते काढायचं सूत्र सोपं आहे: नोझलच्या मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग, गुणिले बारमधल्या दाबाचं वर्गमूळ, गुणिले दोन तृतीयांश. ४ बार दाबाला १२ मिमी नोझल मिनिटाला साधारण १९० लिटर ओततो, १० मिमी १३३. म्हणजे १० मिमीच्या नोझलवर तोच टँकर ३७ मिनिटं पुरतो. एकच टँकर असलेल्या गावाने दोन्ही नोझल घ्यावेत आणि सुरुवात लहानाने करावी. गंजीवर नुसतं पाणी मारून भागत नाही, वरचा थर भिजतो आणि आत धुमसत राहतं. दाताळ आणि लांब दांड्याचे आकडे घेऊन ती उपसावी लागते, तेही यादीत लिहा.

विहिरीवर भिस्त असेल तर मे महिन्यातली पातळी मोजा, पावसाळ्यातली नको. जमिनीवर ठेवलेला कोणताही पंप प्रत्यक्षात ७ मीटरच्या खालचं पाणी ओढत नाही. नवीन असो की महागडा, हवेच्या दाबाची ही मर्यादा आहे. पातळी त्याच्या खाली जात असेल तर त्या विहिरीवरच्या सबमर्सिबलनेच टँकर भरायचा. पण आगीच्या वेळी वीज बंद करावी लागते, म्हणून भरण्याची जागा आग लागणाऱ्या वस्तीच्या डीपीवर नसावी. गावच्या उंच टाकीच्या खालच्या पाइपला झडप आणि ६३ मिमी तोंड बसवून घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. १२ मीटर उंचीच्या टाकीतून जेमतेम १.२ बार दाब मिळतो. त्यावर फवारा उडत नाही, टँकर मात्र विजेशिवाय भरतो.

सुटे भाग खरेदीच्या यादीत आधी लिहा, पंप नंतर. टँकरला गावातल्या वेल्डरने बसवलेला आटा आणि अग्निशमनाच्या ६३ मिमी होजचं (दाब सोसणाऱ्या पाइपचं) झटपट जोडणीचं तोंड एकमेकांत बसत नाही. हे आग लागल्यावर कळतं. म्हणून प्रत्येक टँकरसाठी अडॅप्टर, दोन जादा वॉशर आणि सक्शनची जाळी अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत धरा. शेतीचा चपटा पाइप या दाबाला फुटतो, तो होज म्हणून चालत नाही. १५ मीटरचे सहा होज म्हणजे ९० मीटर, एवढं बहुतेक वाड्यांना पुरतं. शाळा, अंगणवाडी आणि ग्रामपंचायत कार्यालयात आग विझवायचे ६ किलोचे एबीसी पावडरचे सिलिंडर लावा आणि त्यांच्या दाबचाचणीचं वर्ष त्यावरच रंगाने लिहा.

पैशाचं आता बघू. १५व्या वित्त आयोगाच्या निधीत २०२१-२६ साठी ६० टक्के बंधित म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी, ४० टक्के अबंधित अशी वाटणी होती. अबंधितमधूनही पगार आणि आस्थापना खर्च करता येत नव्हता. ज्या वर्षाचा आराखडा करताय, त्या वर्षाच्या मार्गदर्शक सूचना समोर घेऊनच लेखाशीर्ष ठरवा. टाकीखालची झडप पाणीपुरवठ्याच्या कामातच दाखवता येते. पंप आणि होज अबंधितमधून, तर पेट्रोल, सर्व्हिसिंग आणि बॅटरी ग्रामनिधीतून, असं ढोबळ वाटप ठेवा. पंप आणि होजची नोंद नमुना १६ (जड वस्तूंची नोंदवही) मध्ये आणि पेट्रोल, वॉशर नमुना १५ (वापरून संपणाऱ्या वस्तूंची नोंदवही) मध्ये हवेत. लेखापरीक्षणात पहिला प्रश्न हाच येतो.

बदली निधीची, म्हणजे जुनं साहित्य बदलायला दरवर्षी बाजूला टाकायच्या पैशाची ओळ बहुतेक अंदाजपत्रकांत नसते. समजा पूर्ण संच ३ लाखांना पडला (आकडे समजण्यासाठी गोल घेतले आहेत, खरे दर तीन दरपत्रकं मागवून धरा). पंप २ लाखांचा आणि १० वर्षं चालणारा, म्हणजे वर्षाला २०,००० बाजूला. होज-नोझल ६०,००० चे, ६ वर्षं, म्हणजे १०,०००. बाकी साहित्य ४०,००० चं, ५ वर्षं, म्हणजे ८,०००. एकूण ३८,००० दरवर्षी वेगळ्या खात्यात पडले, तर सहाव्या वर्षी होज फुटल्यावर आमदार निधीची वाट बघत बसावं लागत नाही. चालू खर्चाची तरतूद याशिवाय.

वेळापत्रकाचा घोळ फार होतो. आगीचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून मध्य जूनपर्यंत आणि आर्थिक वर्ष बदलतं १ एप्रिलला, ऐन हंगामात. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मंजूर केलेली नवीन खरेदी पुढच्या एप्रिलनंतर होते, म्हणजे ती कामाला येते त्याच्याही पुढच्या फेब्रुवारीत. चालू हंगामासाठीची दुरुस्ती, तेल, बॅटरी आणि वॉशर चालू वर्षाच्या तरतुदीतूनच जानेवारीअखेर उरकायला हवेत. तरतूद कमी पडत असेल तर डिसेंबरच्या मासिक सभेत पुनर्विनियोजनाचा (एका शीर्षातले पैसे दुसऱ्यात वळवण्याचा) ठराव घ्या. मार्चमध्ये निधी संपवायच्या घाईत घेतलेले पंप चाचणी न होताच शेडमध्ये जातात. देयक काढण्याआधी पुरवठादाराने गावच्याच विहिरीवर, गावच्याच टँकरला जोडून पंप २० मिनिटं चालवून दाखवावा, ही अट दरपत्रकातच घाला.

पंप बिघडतो तो वापराने नव्हे, पडून राहिल्याने. टाकीत आणि कार्ब्युरेटरमध्ये महिनोन्महिने राहिलेलं पेट्रोल चिकट होतं आणि दोरी ओढून हात दुखले तरी इंजिन उठत नाही. दर पंधरा दिवसांनी दहा मिनिटं पंप पाण्यावर चालवा, मग पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडू द्या. पाण्याशिवाय चालवला तर सील जळतं. पाणी धरत नसेल तर आधी सक्शनच्या वॉशरकडे बघा, आणि जाळी पाण्याखाली किमान फूटभर बुडालेली आहे का ते. वर असली की भोवरा होऊन हवा शिरते. होज धुऊन, सावलीत वाळवून मगच गुंडाळायचे.

पंप चालवायला आणि आग विझवायला माणसं बारा पुरेत, पण त्यांतली निम्मी तरी दिवसा गावात असणारी हवीत. पुण्या-मुंबईला कामाला असलेल्यांची नावं यादीत नकोत. प्रत्येकाने बँकेतून वार्षिक २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना घेतल्याची खात्री करा, अपघाती मृत्यूला २ लाखांचं संरक्षण मिळतं. जाड सुती कपडे, बूट आणि हातमोजे ग्रामपंचायतीने द्यावेत, नायलॉनचा टीशर्ट अंगाला चिकटतो. पाणी मारण्याआधी वायरमनला फोन करून वीज बंद झाल्याची खात्री करायची, हा नियम अपवाद न ठेवता पाळा. प्रत्येक डीपीचा क्रमांक, वायरमनचा मोबाइल, महावितरणचा १९१२, गॅसगळतीसाठी १९०६ आणि आपत्कालीन ११२, सगळं पंपाच्या शेडवर रंगवून घ्या.

नगरपरिषद हद्दीबाहेर गाडी पाठवताना शुल्क आकारू शकते. त्या गाडीचं बिल कोण भरणार, ग्रामपंचायत की शेतकरी, हे ग्रामसभेच्या ठरावात आधीच लिहा, कारण आग विझल्यावर या मुद्द्यावर भांडणं होतात. जवळच्या साखर कारखान्याकडे गाडी असेल तर त्यांनाही पत्र देऊन शुल्क आणि संपर्काचा माणूस ठरवून घ्या, आणि ती रक्कम ‘आकस्मिक खर्च’ या शीर्षात न लपवता वेगळ्या ओळीत दाखवा. चार-पाच शेजारच्या ग्रामपंचायतींनी मिळून दुसरा टँकर ठेवला तर खर्च विभागतो, पण टँकर कोणाच्या नावावर आणि डिझेल कोणाचं, हे लेखी करारात येऊ द्या.