अर्थशास्त्रात पीएचडी करायची आहे आणि ट्रान्सफर घेताय? या चुका टाळा

आमच्या बे एरियात कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठात ट्रान्सफर घेणारी मराठी मुलं बरीच आहेत. डी अ‍ॅन्झा, फूटहिल किंवा डायब्लो व्हॅलीत दोन वर्षं काढायची, फी वाचवायची आणि मग युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, म्हणजे यूसीच्या, एखाद्या कॅम्पसला जायचं. मार्ग चांगला आहे, मी स्वतः तो मुलांना सुचवते. पण पुढे अर्थशास्त्रात पीएचडी करायचं पक्कं ठरवलेली मुलंही विद्यापीठ निवडताना फक्त नाव बघतात आणि दरवर्षी त्याच त्या खड्ड्यात पडतात. ते बघून आता खरंच कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते.

हाताशी दोन वर्षं आहेत असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. ट्रान्सफरनंतर पदवीला दोन वर्षं मिळतात, हे खरं. पण पीएचडीच्या अर्जांची मुदत बहुतेक विभागांत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते आणि सरळ पुढे जायचं असेल तर तो शेवटच्या वर्षाचा डिसेंबर असतो. यूसीचं बर्कली कॅम्पस सेमिस्टर पद्धतीवर, म्हणजे वर्षाला दोन सत्रांवर, चालतं. तिथे गेलात तर अर्ज वाचणाऱ्या समितीला नव्या विद्यापीठातल्या दोनच सेमिस्टरचे गुण दिसतात, तिसऱ्याचा निकाल अर्ज गेल्यावर लागतो. यूसीएलए (यूसीचं लॉस एंजेलिस कॅम्पस) किंवा सॅन डिएगोला क्वार्टर पद्धत, म्हणजे वर्षाला तीन सत्रं, आहे, तिथे तीन क्वार्टर दिसतात. म्हणजे कुठेही गेलात तरी हातात एकच वर्ष.

त्या एका वर्षात रिअल अ‍ॅनालिसिस, म्हणजे कॅल्क्युलस सिद्धतांसकट शिकवणारा गणिताचा कोर्स, बसायला हवा. पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या मायक्रोइकॉनॉमिक्समध्ये पहिल्या आठवड्यापासून सिद्धता असतात: कंटिन्युइटी, कॉम्पॅक्टनेस, पुढे फिक्स्ड पॉइंटची प्रमेयं. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षानंतर प्रिलिम परीक्षा असते आणि ती दिलेल्या संधींत सुटली नाही तर विद्यार्थ्याला बाहेर पडावं लागतं. म्हणून समिती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, हा कोर्स मुद्दाम शोधते. कॅल्क्युलसमध्ये सगळीकडे ए असला तरी त्याने ही जागा भरत नाही.

ओळखीतल्या एका मुलाचं सांगते. कम्युनिटी कॉलेजात अव्वल, दोन विद्यापीठांत प्रवेश मिळालेला. एकाचं नाव मोठं. दुसरं थोडं खालचं, पण तिथला गणित विभाग त्याला पहिल्याच सत्रात अ‍ॅनालिसिसला बसू देत होता. घरच्यांनी मोठं नाव निवडलं. तिथे गेल्यावर कळलं, की अ‍ॅनालिसिसच्या आधी सिद्धता लिहिण्याचा एक कोर्स सक्तीचा आहे. नव्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांचं रजिस्ट्रेशन जुन्यांच्या नंतर उघडतं, तोवर तो कोर्स भरून गेलेला. मग तो वसंतात मिळाला आणि अ‍ॅनालिसिस थेट शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात. डिसेंबरात अर्ज गेला तेव्हा ट्रान्सक्रिप्टवर त्या कोर्सपुढे गुणांच्या जागी ‘चालू’ एवढंच होतं. पुढे त्यात त्याला ए मिळाला, पण अर्जाला त्याचा काही उपयोग झाला नाही. सगळीकडून नकार आला. त्याचे वडील मला म्हणाले, “ताई, रँकिंग बघूनच घेतलं होतं हो!” मुलगा हुशार होता आणि आहे. रिसर्च असिस्टंट म्हणून दोन वर्षं काम करून मग त्याला प्रवेश मिळाला. आजकाल असं प्रीडॉक करून जाणारे पुष्कळ आहेत, त्यात वाईट काही नाही. पण ते आपण ठरवून करणं वेगळं आणि नाइलाजाने करावं लागणं वेगळं.

माझी सवय सांगते. अर्थशास्त्र विभागाची वेबसाइट मी सगळ्यात शेवटी उघडते. आधी गणित विभागाचं कोर्स शेड्यूल. कागदाच्या उजव्या टोकाला ‘डिसेंबर, अर्ज’ लिहायचं आणि मागे मागे येत प्रत्येक सत्र भरायचं. बर्कलीला मॅथ १०४ साठी, म्हणजे रिअल अ‍ॅनालिसिससाठी, आधी ५३ आणि ५४ हे कोर्स लागतात. त्यांना समकक्ष कोर्स कम्युनिटी कॉलेजातच उरकता येतात. सॅन डिएगोला १४०ए किंवा १४२ए या अ‍ॅनालिसिसच्या कोर्सच्या आधी साधारणपणे १०९ हा सिद्धता लिहिण्याचा कोर्स करावा लागतो. असा एक आकडा मधे आला की अख्खं सत्र पुढे सरकतं. कुठला कोर्स कुठे धरतात हे असिस्ट डॉट ऑर्ग या वेबसाइटवर फुकट दिसतं. तरी मुलं ते न बघता मित्राला विचारतात. मित्राने वेगळ्या कॉलेजातून, वेगळ्या मेजरसाठी (मुख्य विषयासाठी) ट्रान्सफर घेतलेली असते.

शिफारसपत्रं नंतर बघू

पीएचडीला बहुधा तीन पत्रं लागतात आणि ती संशोधन करणाऱ्या प्राध्यापकांची असली तरच त्यांना वजन असतं. कम्युनिटी कॉलेजातले शिक्षक कितीही जीव लावणारे असोत, त्यांच्या पत्राने तेवढं काम होत नाही, हे कडू वाटलं तरी खरं आहे. नव्या ठिकाणी शेकडोंच्या वर्गात मागच्या रांगेत बसून कोणाला तुमचं नाव कळणार? “वर्गात ए मिळवला” एवढंच सांगणारं पत्र समितीला काहीच सांगत नाही, तो ए ट्रान्सक्रिप्टवर दिसतोच.

म्हणून निवडीच्या वेळीच बघा: पहिल्या वर्षी छोटे वर्ग मिळतात का, ऑनर्स थीसिसला ट्रान्सफर विद्यार्थी घेतात का, पदवीच्या मुलांना प्राध्यापकांच्या हाताखाली काम मिळतं का. आणि पोचल्यावर पहिल्या महिन्यातच ऑफिस अवर्सना जायला लागा. नोव्हेंबरात उगवून डिसेंबरचं पत्र मागणाऱ्या मुलांचा मला राग येतो. प्राध्यापकांनाही येतो.

सोपं मेजर घेऊन गुण वाढवणं

बिझनेस इकॉनॉमिक्सला ए मिळवणं म्हणजे तयारी नव्हे. नोकरी करायची तर ते ठीक आहे. पीएचडीसाठी यूसीएलए आणि सॅन डिएगोला गणित आणि अर्थशास्त्राची जोड असलेलं मेजर आहे, बर्कलीला १०१ए आणि १०१बी हे मायक्रो-मॅक्रोचे जास्त गणिती कोर्स आहेत. गणितात एखादा ए वजा आला तरी चालेल, पण गणित टाळलेलं चालत नाही.

टॅगवर विसंबणं

टॅगने, म्हणजे ट्रान्सफर अ‍ॅडमिशन गॅरंटीने, हमखास प्रवेश डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ या सहाच ठिकाणी मिळतो आणि त्यातल्या एकाच ठिकाणी टॅग भरता येतो. बर्कली, यूसीएलए, सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅग सप्टेंबरात भरायचा असतो. ऑक्टोबरात जागं होऊन उपयोग नाही.

जुने गुण पुसले जातात

कम्युनिटी कॉलेजातले गुण यूसीच्या सरासरीत धरत नाहीत, एवढंच. पीएचडीच्या अर्जात प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट जातं.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असून सिप कोड न बघणं

सिप कोड म्हणजे प्रत्येक मेजरचा वर्गीकरण क्रमांक. पदवीनंतर प्रीडॉक करायची वेळ आली तर हे फार जाचतं. मेजर ४५.०६०३ म्हणजे इकॉनॉमेट्रिक्स अँड क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स या कोडखाली असेल तर १२ महिन्यांच्या ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर काम करायच्या परवानगीवर, आणखी २४ महिन्यांची स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या विषयांसाठीची) मुदतवाढ मागता येते. साध्या ४५.०६०१ वर ती नाही. कोड आय-२० या विद्यापीठाकडून व्हिसासाठी मिळणाऱ्या फॉर्मवर छापलेला असतो आणि एकाच विद्यापीठात दोन मेजरचे दोन वेगळे कोड असू शकतात. प्रवेश स्वीकारण्याआधी विचारा.

चुकीच्या माणसाला विचारणं

अ‍ॅडमिशन ऑफिस तुम्हाला माहितीपत्रकातलंच सांगणार. मेल पाठवायची ती गणित विभागाच्या अंडरग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायझरला, सोबत कोर्सची यादी आणि सिलॅबस जोडून. त्यात इतकंच विचारा: मी येत्या फॉलला ट्रान्सफर म्हणून आलो तर रिअल अ‍ॅनालिसिसला सगळ्यात आधी कुठल्या सत्रात बसता येईल, त्याआधी कुठला कोर्स अडतो आणि माझं रजिस्ट्रेशन उघडेपर्यंत त्यात जागा उरतात का? ज्या विद्यापीठाकडून नीट उत्तर येत नाही, ते माझ्या यादीत खाली जातं.