मेसेजवरून सिस्टरांना शिकवताय? मग या चुका टाळा

ग्रुपवर चाळीस पानांची पीडीएफ टाकली की सीएनई, म्हणजे नोकरीतल्या नर्सचं पुढचं शिक्षण, झालं, असं मानणाऱ्या नव्या ट्यूटरांपुढे मी आता हात टेकलेत. नाइट करून आलेली बाई ती पीडीएफ कधी उघडणार?

सगळ्यात महागात पडते ती मेसेजची लांबी. उपकेंद्रावर नेटची रेंज नसते, म्हणून आम्ही साधा एसएमएस वापरतो. इंग्रजीत 160 अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त 70. त्यातही काना, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘सिस्टर’ आपल्याला तीन अक्षरी दिसतं, फोन सहा मोजतो. हे मला ठाऊक नव्हतं तेव्हा मॅगसल्फचा (गरोदरपणातल्या आकडीवरचं इंजेक्शन) अख्खा डोस एका मेसेजात कोंबला होता. त्याचे तुकडे झाले आणि एकीच्या जुन्या फोनवर शेवटचा तुकडा पोचलाच नाही. दुसऱ्या दिवशी ती विचारते, “मॅडम, पुढचे 5 ग्रॅम चार तासांनी द्यायचेच ना?” गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतोय का, श्वास मिनिटाला 16 च्या खाली गेलाय का, लघवी तासाला 30 मिली होतेय का, हे सगळं मी शेवटी लिहिलं होतं. तिने विचारलं म्हणून निभावलं. तेव्हापासून मी एवढंच पाठवते: ‘मॅगसल्फ पुढचा डोस? आधी बघा: गुडघा, श्वास, लघवी.’ डोस लेबर रूमच्या भिंतीवर लावलाय, तो तिथेच वाचावा.

इन्सुलिनच्या युनिटसाठी इंग्रजी ‘U’ लिहू नका. छोट्या स्क्रीनवर ते शून्य दिसतं, 6 चे 60 होतात.

पेशंटच्या केसपेपरचा फोटो टाकू नका. नाव झाकूनसुद्धा नको.

व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट वापरत असाल तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो. नवीन रुजू झालेल्या मुली महिनाभर गप्प होत्या आणि मी त्यांना आळशी म्हणत होते. आता रुजू होतानाच माझ्यासमोर नंबर सेव्ह करून घेते.

नर्सिंग नोंदणीच्या नूतनीकरणाचे तास मेसेज वाचून भरत नाहीत, त्याला क्रेडिट मिळालेला कार्यक्रमच लागतो. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर नंतर भांडणं.

आणि निळी टिक म्हणजे समजलं, असं तर मुळीच धरू नका. मी प्रश्न पाठवते, ड्यूटी बदलायच्या अर्धा तास आधी, ओव्हर देण्याघेण्याच्या (पुढच्या ड्यूटीला पेशंट सोपवण्याच्या) गडबडीत नाही. एकदा विचारलं, ‘लाल टोपीची सिरिंज, 100 ची इन्सुलिन व्हायल. चालेल?’ तिघींनी अंगठा पाठवला. आता हा अंगठा ‘चालेल’चा की ‘वाचलं’चा? लाल टोपीची सिरिंज 40 ची, म्हणजे मिलीला 40 युनिट असलेल्या इन्सुलिनची. तिच्यात 100 चं इन्सुलिन भरलं तर अडीचपट जातं. मी तिन्ही वॉर्डांत जाऊन विचारून आले. दोघींनी नुसतं वाचलं होतं. तिसरीने खरंच ‘चालेल’ म्हटलं होतं.

तिला मेडिसिनच्या ट्रॉलीपाशी नेऊन दोन्ही सिरिंज हातात दिल्या.