सॉफ्टबॉलची बॅटिंग: बॉलची जागा ओळखून फटका कसा मारावा

कोकणात सॉफ्टबॉलकडे वळणारी बरीच मुलं-मुली टेनिस क्रिकेट किंवा अंडरआर्म खेळूनच आलेली असतात. त्यांची नजर तयार असते, हात मोकळे असतात. पण क्रिकेटमध्ये टप्पा पडला की बॉलचं काय ते कळतं आणि मग पाय हलतो. इथे टप्पाच नाही. महिलांच्या सामन्यात पिचर, म्हणजे बॉल टाकणारी खेळाडू, 43 फुटांवर, म्हणजे 13.11 मीटरवर उभी असते आणि लांब पाऊल टाकून बॉल सोडते, त्यामुळे खरं अंतर आणखी कमी होतं. ताशी 95 किलोमीटरने आलेला बॉल अर्ध्या सेकंदाच्या आत होमप्लेटवर, म्हणजे बॅटरपुढच्या पाटीवर, असतो. एवढ्या वेळात प्रत्येक बॉलसाठी वेगळा फटका शोधता येत नाही. स्विंग एकच ठेवायचा आणि बॅट-बॉलची गाठ कुठे घालायची तेवढंच बदलायचं.

पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट्या समजाव्यात.

आधी जागा निवडा

कोरड्या पुळणीवर स्विंग शिकू नका. मागचा पाय वाळूत रुततो, टाच फिरत नाही, मग कंबर अडकते आणि सगळा फटका दंडाने मारायची सवय लागते. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू चालेल. शाळेचं मुरूम टाकलेलं मैदान किंवा चोपून घेतलेलं खळं त्याहून चांगलं. पावसाळ्यात बॉल पाणी पितो आणि जड होतो, तेव्हा पडवीत जुन्या मोज्यांचे गोळे करून मारा. नजर आणि हातांची वाट त्यानेही पक्की होते.

पायरी 1: उभं राहणं

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. बॅट तळहातात दाबून न धरता बोटांत धरा. हात मागच्या खांद्याजवळ ठेवा. होमप्लेट 17 इंच रुंद असते. थोडं वाकून बॅट टेकवली की ती प्लेटच्या पलीकडच्या कडेपर्यंत पोचली पाहिजे. पोचत नसेल तर तुम्ही फार लांब उभे आहात, आणि बाहेरचा बॉल तुम्हाला कधीच नीट लागणार नाही.

पायरी 2: स्विंगचा क्रम

आधी पाऊल, मग कंबर, शेवटी हात. पिचरचा हात गोल फिरून खाली यायला लागला की पुढचा पाय उचलून छोटं पाऊल टाका. पाय हलका टेकवा, वजन अजून मागेच असू द्या. मग मागची टाच उचलत कंबर पिचरकडे वळवा आणि हात तिच्यामागून येऊ द्या. रापण ओढताना जोर पायांतून आणि कमरेतून येतो, तसाच इथेही.

क्रिकेटची उभी बॅट इथे सोडावी लागते. बॅटची मूठ आधी बॉलकडे निघते, जाड भाग तिच्यामागून येतो आणि बॉलच्या रेषेत शक्य तितका वेळ राहतो. बॉल लागतो त्या क्षणी वरच्या हाताचा तळवा आकाशाकडे आणि खालच्या हाताचा जमिनीकडे असायला हवा. मनगटं त्याआधीच वळली तर बॉल जमिनीवर घासत जातो. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये एवढी एकच गोष्ट तपासा, पुष्कळ काही सुधारेल.

पायरी 3: आत, मध्ये, बाहेर

इथे घाई करू नका, माझ्या मते बॅटिंगचा जीव यातच आहे.

अंगाजवळ येणारा, म्हणजे इनसाइड बॉल पुढच्या पायाच्याही पुढे गाठायचा. कंबर लवकर आणि पूर्ण उघडते, कोपरं अंगालगत राहतात, बॉल लेफ्ट फील्डकडे जातो. उशीर झाला तर बॉल बॅटच्या मुठीजवळ लागतो आणि हातांना झिणझिण्या येतात.

मधला बॉल साधारण पुढच्या पायाच्या रेषेत गाठायचा आणि पिचरच्या डोक्यावरून सरळ मारायचा.

बाहेरच्या बॉलला धीर लागतो. त्याला आत येऊ द्या, पुढच्या पायाच्या मागे, पुढच्या मांडीच्या समोर येईपर्यंत. कंबर थोडी कमी उघडते आणि बॉल राइट फील्डकडे जातो. नवशिके हाच बॉल पुढे धावून लेफ्टला ओढायला जातात आणि शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या फील्डरच्या) हातात जमिनीवरून जाणारा सोपा ग्राउंडर देतात. ज्या दिवशी तुम्ही बाहेरचा बॉल मुद्दाम राइटला मारता, त्या दिवसापासून पिचरला तुमच्यासाठी सुरक्षित कोपरा उरत नाही.

याचा सराव टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या उभ्या दांड्यावर करा. पत्र्याच्या डब्यात सिमेंट ओतून त्यात पीव्हीसी पाइप उभा करा आणि वरच्या तोंडाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवा, टी तयार. समोर दोन माडांच्या मधे जुनं मासेमारीचं जाळं दुहेरी करून सैल टांगा. नायलॉन उन्हाने कुजतं, म्हणून अधूनमधून ओढून बघा. प्लेट खडूने आखा, तीन जागांवर खुणा करा आणि टी हलवत राहा. तुम्ही मात्र हलायचं नाही. बॉल जाळ्याच्या कुठल्या भागात जातो ते बघा. बाहेरचा बॉल जाळ्याच्या डाव्या बाजूला जात असेल तर तुम्ही घाई करताय.

पायरी 4: वर आणि खाली

खालच्या बॉलसाठी गुडघ्यातून आणि कमरेतून वाका. नुसते हात खाली टाकू नका. ड्रॉप बॉल, म्हणजे प्लेटजवळ खाली पडणारा बॉल, जास्त टाकणारी पिचर असेल तर बॉक्समध्ये (बॅटरच्या आखलेल्या चौकटीत) पुढे सरका, म्हणजे बॉल पुरता पडायच्या आत गाठता येतो.

राइज बॉल मांडीजवळून सुटून वर चढत येतो आणि मोठा दिसतो, म्हणून मोह होतो. स्ट्राइक झोनची, म्हणजे ज्या जागेतून गेलेला बॉल न मारताही स्ट्राइक धरला जातो तिची, वरची हद्द काखेपर्यंत आहे. छातीच्या वर येताना दिसला तर सोडून द्या. दोन स्ट्राइक झाल्या असतील (तिसरीला बाद) तरच कडेच्या बॉलवर जा.

पायरी 5: नजर

पिचरच्या फिरणाऱ्या हाताचा पाठलाग करू नका, डोळे भिरभिरतात. आधी तिच्या छातीकडे सैल नजर ठेवा आणि हात खाली येताना ती मांडीलगतच्या जागेवर आणा, बॉल तिथूनच सुटतो. चेंजअपसाठी, म्हणजे फसवायला मुद्दाम हळू टाकलेल्या बॉलसाठी, पायरी 2 मधलं मागे ठेवलेलं वजन कामी येतं. पाऊल पडलं तरी हात मागे असतील तर थांबता येतं. वजन पुढे गेलं असेल तर उरतो फक्त हातांचा हलका टोला.

पायरी 6: फाउलवरून दुरुस्ती

सामन्यात कोच प्रत्येक बॉलनंतर सांगायला येत नाही, पण फाउल बॉल, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषांबाहेर गेलेला फटका, सांगतो. फर्स्ट बेसच्या बाजूला गेला तर उशीर झालाय, पाऊल आधी टाका. थर्ड बेसच्या बाजूला गेला तर घाई झालीय. सरळ मागे जाळीवर गेला तर वेळ बरोबर आहे, बॅट किंचित खालून गेली, त्यामुळे काही बदलू नका. मात्र सलग दोन फाउल एकाच बाजूला गेले तर पुढच्या बॉलआधी बॉक्समध्ये अर्धं पाऊल सरका: उशीर होत असेल तर मागे, घाई होत असेल तर पुढे.