रेसवर पैसे लावताना ऑनलाइन माहिती वापरताय? या चुका टाळा

पावसाळ्यात पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांची रेस असते. रेसकार्ड (म्हणजे त्या दिवशीच्या रेस आणि घोड्यांची यादी), जुने निकाल, मागच्या रेसचे व्हिडिओ, पहाटेच्या सरावाच्या वेळा, सगळं आता फोनवर फुकट मिळतं. तरी लोकांचे पैसे जातातच. कारण तुम्ही जे वाचलं ते बाकीच्यांनीही वाचलेलं असतं आणि ते भावात, म्हणजे घोडा जिंकल्यावर पैजेच्या किती पट पैसे मिळतील त्या आकड्यात, आधीच उतरलेलं असतं. घोडा चांगला आहे, एवढं कळून भागत नाही. मिळणाऱ्या भावात तो परवडतो का, हे बघावं लागतं.

जागाच चुकीची निवडणं

घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं 1996 मध्ये दिला. त्यामुळे परवानाधारक रेसकोर्सवर पैज लावता येते. क्रिकेटच्या सट्ट्याला असं संरक्षण नाही. शिवाय 2025 च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांच्यासाठी होणारे बँक व्यवहार, या सगळ्यावर बंदी घातली. म्हणून ‘भारतात लीगल’ असं छातीठोक सांगणारं क्रिकेट बेटिंगचं अ‍ॅप दिसलं, की तिथंच थांबा. त्यातली आकडेवारी कितीही देखणी असली तरी अडकलेले पैसे सोडवताना तुमच्या बाजूनं कोणी उभं राहत नाही.

भाव बघायचा, कर विसरायचा

ही सगळ्यात महागडी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून पैजेच्या पूर्ण रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे. तुम्ही जिंका किंवा हरा, तो जातोच. 100 रुपयांच्या पैजेला खिशातून 140 जातात. घोडा दुप्पट भावाचा असेल तर जिंकल्यावर हातात 200 येतात. म्हणजे नुसतं बरोबरीत राहायला असा घोडा 100 पैकी 70 वेळा जिंकायला हवा. तिप्पट भावाचा घोडा साधारण 47 वेळा.

आता पाच घोड्यांची रेस घ्या. भाव 2, 3, 5, 6 आणि 10 पट. प्रत्येक भावानं 100 ला भागा: 50, 33, 20, 17, 10. बेरीज 130 होते. रेस एकच घोडा जिंकणार, म्हणजे खऱ्या शक्यतांची बेरीज 100 च असते. वरचे 30 हा भाव देणाऱ्याचा वाटा, आणि कर त्याहून वेगळा. पैज लावण्याआधी हा हिशेब कागदावर मांडलात, तर अर्ध्याअधिक रेस तुम्ही आपणहून सोडून द्याल. तेच बरं. शिवाय एका पैजेत 10,000 रुपयांच्या वर जिंकलात तर 30 टक्के टीडीएस कापला जातो, आणि हरलेले पैसे जिंकलेल्या पैशांतून वजा दाखवता येत नाहीत.

वजन कमी झालं म्हणून खूश होणं

मागच्या वेळी पाठीवर (जॉकी धरून) 60 किलो घेऊन जिंकलेला घोडा आज 52 वर दिसला, की लोक तुटून पडतात. पण जिंकल्यावर त्याचं रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा आकडा; गटात तो जास्त तितकं वजन जास्त) वाढलं, तो वरच्या क्लासमध्ये, म्हणजे जास्त रेटिंगच्या घोड्यांच्या गटात गेला आणि तिथं तो सगळ्यात खालचा ठरला, म्हणून हे वजन मिळालं. रेटिंगचा एक अंक म्हणजे साधारण अर्धा किलो. तेव्हा तो कितव्या नंबरवर आला यापेक्षा कोणत्या घोड्यांसमोर, किती अंतरावर आणि किती फरकानं, हे बघा. मागच्या रेसचा व्हिडिओ असेल तर शेवटचे 400 मीटर दोनदा बघा. वाट न मिळाल्यामुळे अडकून चौथा आलेला घोडा निकालाच्या तक्त्यात नुसता चौथा दिसतो.

सरावाची वेळ म्हणजे वेग असं समजणं

‘इनर सँड, 800 मीटर 53 सेकंद, 600 मीटर 39, सहज.’ ट्रॅकवर्कची, म्हणजे पहाटेच्या सरावाची ओळ अशी असते; ‘इनर सँड’ म्हणजे आतला वाळूचा ट्रॅक. नवखा माणूस फक्त 39 वाचतो. त्या ओळीतला महत्त्वाचा शब्द ‘सहज’ आहे. जोर लावून काढलेल्या 38 पेक्षा सहज निघालेले 39 बरे. वर कोण बसलं होतं तेही बघा. ‘आरबी’ लिहिलं असेल तर रायडिंग बॉय होता, रेसचा जॉकी नव्हे. वाळूवरची वेळ आणि हिरवळीवरची वेळ तर एकमेकांशी ताडूच नका.

ट्रॅकच्या मऊपणाचा, म्हणजे पेनेट्रोमीटरचा आकडाही जाहीर होतो. आकडा मोठा तितका ट्रॅक मऊ. पावसात पुण्यात जिंकलेला घोडा जानेवारीत महालक्ष्मीच्या कोरड्या ट्रॅकवर तसाच पळेल असं धरू नका.

टेलिग्रामवरची ‘पक्की टीप’

हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. आठ घोड्यांची रेस, 800 माणसं. शंभर-शंभरच्या आठ गटांना प्रत्येकी वेगळा घोडा सांगायचा. रेस संपल्यावर एका गटातले 100 जण थक्क झालेले असतात. त्या शंभरांना पुन्हा विभागायचं. दुसऱ्या रेसनंतर बारा-तेरा जण उरतात, ज्यांनी या माणसाच्या दोन टिपा लागोपाठ लागलेल्या पाहिल्या. पुढची टीप पैसे भरून घ्या, असा मेसेज त्यांनाच येतो. जिंकल्याचे स्क्रीनशॉट पुरावा म्हणून धरू नका. कोणी टीप देत असेल तर रेसच्या आधी वेळेसह लिहिलेल्या सगळ्या टिपा मागा, हरलेल्यांसकट. बहुतेक जण तिथंच तुम्हाला ब्लॉक करतील.

सकाळच्या माहितीवर दुपारी पैसे लावणं

घोडे ऐनवेळी बाहेर पडतात, जॉकी बदलतो. पुढे पळणारा एकच घोडा कमी झाला तरी रेसचा सगळा वेग बदलतो. शेवटची यादी रेस क्लबच्या अधिकृत साइटवरच तपासा.

काहीच जमत नसेल तर

महिनाभर पैसे न लावता वहीत लिहा: घोडा, मिळणारा भाव, तुमच्या मते त्याची शक्यता, निकाल. 40 टक्के कर धरून बेरीज करा. ती उणे आली तर माहिती वाढवून फरक पडणार नाही, रेस बघण्यापुरतीच ठेवा. आणि गेलेले पैसे काढायला पुढच्या रेसवर दुप्पट लावावेसे वाटत असतील, घरी रक्कम लपवावी लागत असेल, तर 14416 या टेलीमानस क्रमांकावर, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.